तुपाचा आवाज

"झालं बघ. बंद कर."

आई आतल्या खोलीत पलंगावर. डोळ्यांवर काळा चष्मा, खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. मी स्वयंपाकघरात, पातेल्याच्या अगदी समोर, हातात चमचा. माझ्या हिशेबानं तुपाला अजून दोन-तीन मिनिटं होती. पुण्यात मी फोनवर अठरा मिनिटांचा टायमर लावून तूप कढवते आणि तो वाजला की गॅस बंद करते. इथं टायमर वाजायचा होता. तरी आईनं सांगितलं म्हणून बंद केला. फेस बाजूला सारून बघितलं तर खाली सोनेरी, पारदर्शक तूप आणि तळाशी बदामी रंगाची बेरी. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर ती काळी झाली असती.

"तुला कसं कळलं?"

"गप झालं की ते."

परवा तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, तो दोन महिन्यांनी काढायचा. उजव्याची पट्टी काल निघाली. पण बाहुली मोठी करायच्या औषधाचा अंमल उतरलेला नाही, उजेड सोसत नाही, समोरचं सगळं धूसर. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चुलीच्या वाफेपाशी जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. थेंबांच्या दोन बाटल्या आहेत. एक दर दोन तासांनी, दुसरी दिवसातून चारदा, आणि दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. त्यासाठी मी आठ दिवसांची रजा काढून मिरजेला आले आहे.

ऑपरेशनपेक्षा आईला एकाच गोष्टीचं नवल वाटलंय. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की आता दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते. त्यातूनच जुनं भिंग फोडून ओढून घेतात, नवं घडी घालून आत सोडतात, आणि टाका घालावा लागत नाही. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला हे पटेना. "टाका नाही म्हणतेस, मग धरून कशानं राहिलंय?" चीर तिरकी असते, आतल्या दाबानं आपली आपण मिटून राहते, असं मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघू, किती दिवस राहतंय."

तर आजचा दिवस असा: कुणी येणार नाही, कुठं जायचं नाही. घरात दोघी, आणि त्यातली जी बघू शकत नाही तीच घर चालवतीये.

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा याची सुरुवात झाली. मी बादली लावून दात घासत होते. आतून हाक आली, "भरली बघ, पिंप लाव आता." बादली काठोकाठ भरलेली. यातलं विज्ञान मला शाळेपासून ठाऊक आहे. पाणी वर चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज बारीक होत जातो. परीक्षेत त्यावर मी मार्कही मिळवलेत. पण नळापाशी उभी राहून मी पाण्याकडं बघत होते आणि आवाज ऐकायचा असतो हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. मग कुकरच्या शिट्ट्या तिनंच मोजल्या. धुण्याभांड्याच्या मावशी गेल्यावर मी भांडी लावली, तेव्हा "ताटं उभी लाव, पालथी घालू नको, पाणी राहतंय खाली" हेही आतूनच आलं. पालथ्या ताटाचा आवाज वेगळा असतो म्हणे. असेल. मी नंतर दोन ताटं आपटून बघितली. खरंच असतो.

भाकरीच्या वेळी मात्र माझी लाज निघाली.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ताण नसतो, ते आपण होऊन धरून राहत नाही. म्हणून उकळतं पाणी घालून थोडा पिष्टाचा चिकटपणा आणायचा, चटका सोसत मळायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं. दळून बरेच दिवस झाले असतील तर पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतात. आमचं पीठ ताजं होतं, त्यामुळं दोष द्यायला काही उरलं नव्हतं. परातीत थापायला घेतली. पुण्यात मी पोळ्याच करते. भाकरी थापून दोन वर्षं झाली असतील.

"कड चिरली," आई आतून.

मी चकित. "दिसतंय का तुला?"

"थांबलीस की मध्येच. कड सांधायलाच थांबतंय माणूस."

तेव्हापासून मी स्वतःच्या थापण्याकडं कान दिला. गोळा जाड असताना आवाज ओला आणि जड येतो, थप, थप. भाकरी पसरत जाते तसा तो कोरडा होतो, हाताखालून परात ऐकू यायला लागते, आणि हात आपोआप जलद पडतात. चांगल्या भाकरीचा ताल सुरुवातीला विलंबित आणि शेवटी द्रुत असतो. माझा ताल पहिल्या तीन भाकऱ्यांना लंगडा होता. चौथी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग थेट जाळावर धरली आणि ती टम्म फुगली. आईला तेही कळलं. आवाजानं नव्हे, वासानं. "ही मला वाढ," म्हणाली. पहिल्या तीन मी खाल्ल्या.

आमच्या मिरजेत ज्वारीला सर्रास जवारी म्हणतात, आणि जवारी म्हटलं की इथल्या माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी येतात. एक ताटातली, दुसरी तंबोऱ्यातली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं सतारमेकर गल्ली लागते. दीडशेहून अधिक वर्षं तिथं सतारी आणि तंबोरे होतात. हत्यारं करणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हा धंदा उभा राहिला, आणि त्यातलं पहिलं मोठं नाव फरीदसाहेबांचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणी शाळेतून येताना दुकानांच्या दारात लटकवलेले भोपळे बघायला आम्ही थांबत असू. ते भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आणि ज्या भाकरीनं आज माझी फजिती केली तिची ज्वारीही मंगळवेढ्याचीच होती. एकाच काळ्या मातीतून तंबोऱ्याचं पोटही येतं आणि आमचंही भरतं, हे मला आज परात घासताना सुचलं.

तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलंय का कुणी? तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. तो केसभर मागंपुढं झाला की बंद, कोंडलेला आवाज एकदम उघडतो आणि खोलीभर गुंजायला लागतो. घोडीकडं बघून काही कळत नाही. काय घासलं, किती घासलं, हे फक्त ऐकू येतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं घर याच गावात होतं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत दरवर्षी गाणं होतं आणि आई एकेकाळी रात्र रात्र ऐकत बसायची. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं ती म्हणते. तुपाचा आवाज बंद झालेला दोन भिंतींपलीकडून जिला कळतो, तिनं हे म्हणावं.

तर तुपाकडं परत येते. आठ दिवसांची साय विरजून ठेवली होती. सकाळी घुसळून लोणी काढलं, थंड पाण्यानं दोनदा धुतलं, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलं. धुतलं तरी लोण्यात पाणी राहतंच. ते उडून जाईपर्यंत पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही आणि तोवर तडतड चालू असते. पाणी संपलं की तडतड थांबते, उष्णता झपाट्यानं वर चढते आणि तळाची बेरी लाल व्हायला लागते. म्हणजे आवाज बंद होणं हीच खूण. अठरा मिनिटं ही खूण कशी होईल? लोणी किती, पाणी किती, आच केवढी, पातेलं कुठलं, सगळं दर वेळी वेगळं. इतकी वर्षं माझं तूप कधी पांढुरकं तर कधी करपट का होत होतं, ते आज समजलं. आईनं तुळशीचं पान टाकायला सांगितलं, तूप उतरवल्यावर. पान चुर्रकन वाजून कुरकुरीत झालं.

बेरीत साखर घालून आम्ही दोघींनी वाटून खाल्ली. लहानपणी तिच्यावरून भावाशी मारामाऱ्या व्हायच्या. त्याला फोटो पाठवला. तो ऑफिसात होता, त्यानं फक्त एक शिवी लिहून पाठवली.

जेवणात भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणी काढून उरलेलं ताक. मार्गशीर्षात हा पाला मंडईत येतो. शेंडे खुडले की हरभऱ्याला फुटवे जास्त येतात, त्यामुळं शेतकऱ्याचंही नुकसान नाही आणि आपलीही चैन. पाल्याचा आंबटपणा भाजीत उतरतो. लसूण जास्तच घालायचा. कमी पडला होता, हे आईनं पहिल्या घासाला सांगितलं.

दुपारी वाकळ काढली.

पुण्या-मुंबईकडं गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. आईनं ही गेल्या वर्षी घातली. बाहेरचे तीन-चार वेढे मारून झाले होते, पोट सगळं बाकी. डोळा जायला लागला तसं तिचं शिवणं मंदावत गेलं आणि दिवाळीआधी वाकळ माळ्यावर गेली. आता थंडी पडायला लागलीये आणि आईला दिवसभर नुसतं पडून राहणं जमत नाही. "तू शीव, मी सांगते," असं ठरलं.

वाकळीचं कापड जुनंच हवं. आजीचं इरकली लुगडं यात खालच्या थराला आहे. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं, चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरच्या वर, म्हणजे माणसाच्या लांबीचे. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, मऊ झालेलं असतं. नवं कापड मध्ये घातलं तर पहिल्या धुण्याला ते एकटंच आखडतं आणि वाकळीला पोक येतं. नायलॉन तर घालायचंच नाही, टाका घसरतो आणि घाम जिरत नाही. मधल्या थरात बाबांची धोतरं. वर आईच्या साड्यांचे तुकडे, आणि चारी बाजूंनी काठाला पट्टी.

पसरून सुरकुत्या हातानं बाहेर सारायच्या, कच्चे टाके मारून थर एकमेकांना धरवायचे, मग काठापासून साधा धावदोरा घालत आत आत वेढे घ्यायचे. आमच्या गल्लीत पूर्वी एक मावशी मजुरीवर वाकळा शिवून द्यायच्या. ओसरीवर अंथरून चारी बाजूंना फिरत राहायच्या, जशा देवळाला प्रदक्षिणा. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, चिंध्यांचा पेहराव म्हणून. फोटोत त्यांच्या अंगावरची ठिगळं बघताना मला नेहमी वाटतं, ती ठिगळं कुणीतरी नीट बसून जोडलेली असणार.

आई खुर्चीवर बसली. वाकायचं नाही, म्हणून तिनं वाकळीच्या एका कडेवर दोन्ही पाय ठेवले. मी जमिनीवर, समोरच्या बाजूला. मेणावर ओढलेला दोरा सुईत ओवला, हे एक काम आज फक्त मलाच जमणारं. बोटात तिचं जुनं अंगुस्तान घातलं. पहिली ओळ छान गेली. दुसरीला आई म्हणाली, "ओढतीयेस. सैल सोड." कापड तिच्या पायाच्या अंगठ्याखाली आवळलं गेलं होतं. तिसरीला, "टाका लांबला." हे कसं कळलं ते मी विचारलंच नाही. टाका ओढताना दोरा कापडातून सर्र करत जातो. टाके लांब झाले की सर्र कमी वेळा येत असणार. बस्स, एवढंच असणार.

तासाभरानं मान भरून आली. वाकळ पूर्ण पसरलेली होती, तेव्हा तिच्याकडं उभं राहून नीट बघितलं. तीन बाजूंच्या काठाला गर्द हिरवी पट्टी आणि चौथ्या बाजूला चक्क निळी. हिरव्या-पिवळ्या-तपकिरी तुकड्यांच्या शेजारी तो निळा असा काही उठून दिसत होता, की मला आईच्या नजरेचं कौतुक वाटलं. चारी बाजू सारख्या करणं कुणालाही जमतं. एक बाजू मोडायला धाडस लागतं. पुण्यातल्या दुकानांत अशा गोधड्या हजारोंनी रुपये देऊन लोक घेतात आणि त्यातल्या या मोडतोडीलाच भाळतात. मी तसं बोलूनही दाखवलं. आई 'हं' म्हणाली. थेंबांची वेळ झाली होती.

थेंब घालताना ती मान मागं टाकते आणि श्वास रोखून धरते. मी खालची पापणी ओढून एक थेंब सोडते. मग मिटल्या डोळ्यांनी पडून राहायचं आणि दहा मिनिटांनी दुसरा. ती दहा मिनिटं आम्ही काही बोललो नाही. लांब कुठंतरी कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. सतारमेकर गल्लीतून असेल, किंवा कुणाच्या मोबाईलवर. आई म्हणाली, "लागंना झालीय त्याची." मला ती लागलेली वाटत होती.

संध्याकाळी विशेष काही झालं नाही. अंगणात झाडलं, वाळलेले कपडे आत घेतले, उरलेल्या भाकरीचा कुस्करा ताकात कालवून फोडणी दिली. रात्री तूप थिजलं. रवाळ झालं होतं, दाणेदार. आईनं चमच्यानं चिमटभर घेतलं, जिभेवर न ठेवता आधी दोन बोटांत चोळून बघितलं आणि बरणीचं झाकण लावायला सांगितलं. यापेक्षा जास्त शाबासकी तिच्याकडून मिळत नाही.

त्या दिवसाबद्दल मी इथंच थांबणार होते. काना-बोटांनी चालणाऱ्या घराबद्दल एक छानसा शेवटही मनात जुळवून ठेवला होता. पण रजा संपायच्या आदल्या दिवशी तपासणी झाली, बाहुली पूर्ववत झाली, डॉक्टरांनी घरात काळा चष्मा काढायला परवानगी दिली आणि आई घरभर फिरायला लागली. भिंती इतक्या पांढऱ्या आहेत हे तिला माहीत नव्हतं. गेली दोन वर्षं तिला त्या कळकट पिवळ्या दिसत होत्या आणि रंग द्यायला हवा म्हणून ती भावाच्या मागं लागली होती. मोतीबिंदूचं भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं, निळा रंग त्यातून नीट येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही दोघींनी ते ऐकून सोडून दिलं होतं. डाव्या डोळ्यावर हात धरून, मग उजव्यावर धरून, ती दोन वेगवेगळी घरं बघत राहिली. देवघर, कॅलेंडर, माझी ओढणी.

मग तिनं वाकळ उलगडली.

"हे निळं कुणी लावलं?"

"तूच. तुझीच आहे की ती बाजू."

"मी कशाला लावीन? हिरवी लावलीय मी चारी बाजूंना."

तिनं डावा डोळा झाकून पट्टी बघितली. उजवा झाकून बघितली. पुन्हा डावा झाकला. मग माझ्याकडं बघितलं.

"आणि तू म्हणालीस, फार छान दिसतंय."

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम!" म्हणाली आणि हसायला लागली. फार हसायचंही नसेल या दिवसांत, म्हणून मी तिला गप्प करायला बघत होते, पण मलाच आवरत नव्हतं. मी तिला म्हटलं, राहू दे तशीच, खरंच चांगली दिसतीये. तिनं ऐकलं नाही. खिडकीपाशी उजेडात बसून सुईत दोरा ओवला, दुसऱ्या खेपेला. पेटीतून हिरवी पट्टी शोधून काढली, ती माझ्या नाकासमोर धरली आणि "हिरवीच आहे ना?" म्हणून माझ्याकडून वदवून घेतलं.

मी ब्लेडनं टाके उसवत बसले. तिचे टाके बारीक, दोन मीटर उसवायला पाऊण तास लागला. निळी पट्टी सुटून हातात आली तेव्हा आतल्या बाजूला रंग अजून कोरा होता आणि तिथं तो मी ओळखला. कॉलेजात असताना घालायचे त्या कुर्त्याचा.

"टाकू नको," आई म्हणाली. "पुढच्या वाकळीला आतल्या थरात लागेल."